काकांच्या गाडीतली पाण्याची बरणी

गडहिंग्लजच्या आमच्या गॅरेजमध्ये बहुतेक गाड्या क्लच नाहीतर सस्पेन्शनची तक्रार घेऊन येतात. त्या दिवशी आलेले काका म्हणाले, "पिकअप राहिलेला नाही, आणि उभी केली की थरथरते." गाडी पेट्रोलची, 998 सीसी, तीन सिलिंडरची.

बॉनेट उघडलं आणि मी बघतच राहिलो. बॅटरीशेजारी पट्टीने आवळलेली प्लॅस्टिकची बरणी, तिच्यात स्टीलच्या पट्ट्या आणि तांबूस झालेलं पाणी. वरून निघालेली नळी थेट इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या पाइपात. वायरिंगला फ्यूज, रिले, वायरच्या टोकाचा प्रत्येक लग नीट दाबलेला. काका वायरमन म्हणून निवृत्त झालेले, ते काम बघूनच कळत होतं. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश टाकून, वीज सोडून हायड्रोजन काढायचा आणि पेट्रोलबरोबर जाळायचा, अशी कल्पना. काकूंच्या उपचारांसाठी मिरजेच्या फेऱ्या सुरू होत्या, पेट्रोल शंभरच्या वर, आणि गाडी ॲव्हरेज देईना, म्हणून त्यांनी हे सगळं घरी बनवलं.

स्कॅनर लावला तर मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, दाखवत होता, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल वीसेक टक्के कापत होता. स्पार्क प्लग काढले तर ते पांढरेफटक. म्हणजे प्रत्यक्षात इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि प्लगला खोटं बोलता येत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून ईसीयूला मिश्रण कळवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची वायर धरून मागे मागे गेलो, तर डॅशबोर्डखाली काड्यापेटीएवढा काळा डबा सापडला.

"हा कुरिअरनं आला," काका म्हणाले. "बरणी मी केली, पण याच्याशिवाय फरक पडत नाही, असं हा विकणारे म्हणाले."

सगळी करामत त्या डब्याची होती. तो सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला फसवतो, ईसीयू पेट्रोल तोडतो, थोडे दिवस ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. इकडे लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणाने जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापत राहतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासलं. दोन सिलिंडर 170 पीएसआयच्या आसपास, तिसरा 70 च्या पुढे जाईना. व्हॉल्व्ह जळला होता.

कागद घेऊन काकांसोबत बसलो. बरणी मिनिटाला फार तर लिटरभर वायू देणार, आणि हे इंजिन 3000 आरपीएमला रस्त्यावर सहज पाच-सातशे लिटर हवा ओढतं. शिवाय बरणीची वीज येते इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून, म्हणजे पेट्रोलमधूनच. इंजिन पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतं, अल्टरनेटर त्यातलं बरंच गमावतो, उरलेल्यातलं बरणी तापण्यात जातं. काका थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिले. "म्हणजे मोटरनं जनरेटर फिरवायचा आणि त्याच जनरेटरवर ती मोटर चालवायची, तसंच झालं की रे हे."

मग माझ्या डोक्यात आलं, बरणी नव्हती तेव्हा ॲव्हरेज कशानं पडलं? गाडी जॅकवर घेतली. पुढचं डावं चाक हाताने फिरेना. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून जाम, पॅड डिस्कला घासतच होतं. काका म्हणाले, मिरजेहून आलं की त्या चाकाला जळका वास यायचा. चारही टायरमध्ये 24-25 पीएसआय हवा, कंपनीच्या स्टिकरवर 33. एअर फिल्टर धुळीने भरलेला, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याने पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा धक्का बसत नाही.

मला वाईट वाटलं ते याचं. एवढा कसबी माणूस, त्याच्या हाताला खरं काम मिळायला हवं होतं. चाकाला हात लावून बघ, एवढं कुणी सांगितलं असतं तर इंजिनाचं हेड उतरवायचा खर्च वाचला असता.

हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलला, सीट घासून बसवली, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस भरलं, डबा आणि बरणी काढून टाकली. काकांना टाकी टू टाकी हिशोब शिकवला: पंपाची नळी आपोआप बंद होते त्या ऑटोकटला फुल करायची, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा फुल. ब्रेक धरत होता तेव्हा लिटरला तेरा किलोमीटरच्या आसपास मिळायचं, आता त्याच मिरजेच्या रस्त्यावर एकोणीस मिळतंय. पुढच्या सर्व्हिसला काका आले तेव्हा हवा मोजायचा गेज त्यांनी स्वतःचा आणला होता.