तकलाकोटहून खाली

कैलासला निघालेल्या यात्रींना धास्ती असते ती डोलमा ला खिंडीची, 5,630 मीटरची. आम्हा टूरवाल्यांना त्याहून जास्त धास्ती तिबेटमधल्या तकलाकोटच्या दुसऱ्या रात्रीची. नेपाळगंज समुद्रसपाटीपासून जेमतेम 150 मीटरवर. सकाळच्या विमानाने सिमिकोट, सुमारे 2,900. हवा उघडी मिळाली तर तिथून हेलिकॉप्टरने नेपाळच्या सीमेवरचं हिल्सा, 3,650च्या आसपास. पूल ओलांडायचा, पलीकडे तपासणी, आणि संध्याकाळी तकलाकोट (चिनी कागदांवर पुरंग), सुमारे 3,900. शरीराला याचा पत्ता लागेपर्यंत माणूस हॉटेलात गरम पाण्याने आंघोळ करून बसलेला असतो. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, ते सगळ्यांचंच. फुफ्फुसात पाणी उतरायला लागतं ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री. आम्ही त्याला ‘हेप’ म्हणतो.

सरकारी यात्रेत दिल्लीला तपासणी होते, वाटेत गुंजीला पुन्हा होते, आणि नापास झालेल्याला खरोखर परत पाठवतात. आमच्यासारख्या खासगी गटांत फिटनेस सर्टिफिकेट चालतं आणि ते फॅमिली डॉक्टर ओळखीवर देतात. असो.

ज्या काकांबद्दल लिहितोय ते साठीचे, रोज पहाटे टेकडी चढणारे. पहिल्या संध्याकाळी ऑक्सिमीटरवर 84. गटातल्या बहुतेकांचे आकडे त्याच घरातले होते आणि त्या उंचीला त्यात काही वावगं नाही. दुसऱ्या दिवशी सवयीसाठी खोजरनाथची गोम्पा (बौद्ध मठ) पाहून आलो. जिन्यावर काका अर्ध्यात थांबले, कठड्याला धरून, आणि वरच्या मजल्यावर पोचून पाच मिनिटं झाली तरी धाप बसेना. चढताना दम सगळ्यांनाच लागतो. बसल्यावरही बसला नाही की समजायचं. जेवायला ते खाली आलेच नाहीत. कोरडा खोकला सिमिकोटपासून होता, हे काकूंनी किचनमधल्या पोराला सांगितलं, मला नाही. काकांनी बजावलं होतं, नाहीतर परत पाठवतील म्हणून.

गार बोटांवर ऑक्सिमीटर वाटेल ते दाखवतो. बोटं चोळून गरम केली, नेलपॉलिश नाही ना बघितलं, मिनिटभर थांबलो. 71. नाडी 116, श्वास मिनिटाला 28, तोही पाठीला उशी लावून स्वस्थ बसलेले असताना. पाठीला कान लावला तर उजवीकडे खाली बारीक चरचर, कानाशी केस चोळल्यावर येते तशी.

ऑक्सिजनचा हिशेब तोंडपाठ असावा लागतो. 4 लिटरचा सिलिंडर 150 बारला भरलेला असेल तर आत साधारण 600 लिटर वायू. मिनिटाला 2 लिटरने पाच तास, 4 लिटरने अडीच. म्हणजे बारा तासांच्या रात्रीला पाच सिलिंडर, तेही गेजचा काटा खरं बोलत असेल तर. रेग्युलेटरचं वॉशर फाटलं की अर्धा वायू खोलीतच जातो; स्पॅनर आणि दोन जादा वॉशर खिशात असायलाच हवेत. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे स्प्रे-डबे यात्री हौसेने घेतात. ते काही मिनिटांत संपतात, फोटोला बरे.

4 लिटरवर आकडा 90च्या वर गेला. पुण्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची 20 मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी सुरू केली, दर 8 तासांनी. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांची अख्खी स्ट्रिप काकांच्या खिशात होतीच; हेप झाल्यावर तिच्या भरवशावर राहता येत नाही. प्रेशर बॅगही होती, माणसाला आत झोपवून हवा भरायची पिशवी. 2 पीएसआयला फुगवली की आतल्या माणसाला सुमारे 1,600 मीटर खाली उतरल्यासारखं होतं, पण बाहेरून मिनिटाला दहा-पंधरा वेळा पायाने पंप मारत राहावं लागतं, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साचतो. शिवाय हेपच्या माणसाला आडवं पडवत नाही. ऑक्सिजन पुरत होता, म्हणून बॅग गुंडाळलेलीच ठेवली.

खरं औषध एकच, खाली उतरणं. तकलाकोटची अडचण तिथेच आहे. तिबेटच्या बाजूला आपलं हेलिकॉप्टर येत नाही. गाडीने हिल्सा गाठलं तरी उतार अडीचशे मीटरचा; फरक पडायला हजारेक मीटर तरी हवेत, म्हणजे सिमिकोटच. हेलिकॉप्टर सकाळीच, कारण दुपारी कर्णालीच्या खोऱ्यात वारा सुटतो. त्यात घड्याळ बीजिंगचं, नेपाळच्या सव्वादोन तास पुढे. तकलाकोटला कचेरी दहाला उघडली की हिल्साच्या पायलटचे पावणेआठ वाजलेले असतात.

आणि ग्रुप व्हिसा. सगळ्यांची नावं एका कागदावर, सीमेवर रांगसुद्धा त्याच क्रमांकाने. आत एकत्र, बाहेर एकत्र. दोघांनाच आधी बाहेर पडायचं तर त्यांची नावं वेगळी करून घ्यावी लागतात: मूळ कागद, पासपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी, शिक्का. आमच्या तिबेटी गाइडने रात्रीच सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी आणून ठेवली आणि सकाळी दार उघडायच्या आधी तो पायरीवर उभा होता. यात्रेच्या फोटोंत हा माणूस कुठेच नसतो. शिक्का मिळायला पाऊण तास लागला. हिल्साच्या पुलापर्यंत गाडी, पुढे खुर्चीत बसवून, सिलिंडर शेर्पाच्या पाठीवर. साडेदहाच्या सुमारास, नेपाळच्या, हेलिकॉप्टर उठलं.

सिमिकोटला उतरल्यावर तासाभरात ऑक्सिजन 2 लिटरवर आला. नेपाळगंजला दुसऱ्या दिवशी काका नळी काढून इडली खात होते, आणि तिथूनच त्यांचा राग सुरू झाला. एवढ्यात बरा झालो म्हणजे काही झालंच नव्हतं, तुम्ही माझा कैलास बुडवलात. खाली उतरून झटकन बरं होणं हेच हेपचं लक्षण, हे त्यांना पटत नाही. काकूंची यात्रा हुकली, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आता त्यांना पुढच्या वर्षी यायचंय. एकदा हेप झालेल्याला त्याच वेगाने चढवलं तर पुन्हा होण्याचा धोका मोठा. सिमिकोटला दोन रात्री, तकलाकोटला तीन, आणि डॉक्टर म्हणाले तर निफेडिपिन आधीपासून, असं केलं तर नेता येईलही. ऑफिसचं म्हणणं, जादा रात्रींची टूर विकली जात नाही. शेजारचा टूरवाला नऊ दिवसांत नेतो. काकांनी मात्र स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट पाठवून दिलाय, अगदी उत्तम. हेपचं त्या टेस्टवरून काही कळत नाही, हे त्यांना दोनदा सांगून झालंय.