बोंडअळीवर लिहिताना शब्द मोजू नयेत, विषय पुरता मांडावा

विदर्भातील कापूस उत्पादकांसाठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडे माझा आग्रह एकच आहे: गूगलच्या शोधात पान वर यावे म्हणून 'गुलाबी बोंडअळी फवारणी' हे शब्द परिच्छेदागणिक पेरण्यात श्रम घालवू नयेत. असा भरणा गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि ते वाचून शेतकऱ्याला फवारणीची वेळही कळत नाही.

गूगलने 2013 मध्ये 'हमिंगबर्ड' आणून सुट्या शब्दांऐवजी संपूर्ण प्रश्नाचा अर्थ लावण्यावर भर दिला. 2019 मध्ये आलेली 'बर्ट' ही प्रणाली त्याच वर्षाअखेर मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत लागू झाली. ती प्रत्येक शब्द मागच्यापुढच्या शब्दांसह वाचते. म्हणूनच 'सापळ्यात किती पतंग आल्यावर फवारावे' या प्रश्नातील पतंग संक्रांतीचा नव्हे, हे तिला ओळखता येते.

तेव्हा पानावर काय असावे, हे पिकालाच विचारावे. अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजते आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे कारण आधी सांगितले, तर डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट करण्याचा आणि मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचा सल्ला आपोआप त्याला जोडला जातो. सापळ्यात सलग 3 रात्री प्रत्येकी 8 पतंग आढळले की नुकसानीची पातळी गाठली असे समजतात, हा आकडा द्यायलाच हवा. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवून लांबवलेले पीक, घेतल्याने अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य मिळत राहते, तसेच बीटी वाणांतील (अळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या वाणांतील) विषाला ती प्रतिकारक्षम झाली आहे, या दोन गोष्टींशिवाय 2017 मध्ये विदर्भात झालेल्या मोठ्या नुकसानीचा उलगडा होत नाही. डोमकळी, सापळे, फरदड, पऱ्हाट्यांची (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांची) विल्हेवाट हे शब्द अशा लेखनात मुद्दाम घालावे लागत नाहीत, आणि पान नेमके कशाविषयी आहे हे शोधयंत्राला त्यांच्यावरूनच उमगते.

फरदडीवर स्वतंत्र पान असेल, तर तिकडे नेणाऱ्या दुव्यावर 'येथे क्लिक करा' न लिहिता 'फरदड का घेऊ नये' असेच लिहावे. संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी गूगलने दिलेल्या सर्च कन्सोल या साधनामध्ये लोकांनी प्रत्यक्ष शोधलेली वाक्ये दिसतात. कपाशीला पात्या (फुलांच्या कळ्या) लागण्याच्या सुमारास ती दर आठवड्याला पाहावीत आणि ज्या प्रश्नाचे उत्तर पानावर नाही, ते त्याच आठवड्यात लिहून टाकावे, कारण बोंडे भरल्यावर त्या उत्तराचा शेतकऱ्याला उपयोग उरत नाही.