मास्तरांचं नाव

आमच्या पी.टी.च्या सरांना शाळेत सगळे 'कात्री' म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. कवायतीच्या रांगेत ते मागून यायचे. कॉलरला केस टेकलेला दिसला की मानेवर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, "सोमवारी कटिंग करून ये. नाहीतर मी करतो." आणि ते करायचेही! डोक्याच्या बरोबर मधून एक पट्टा कापायचे, की पोरगं आपल्या पायांनी न्हाव्याकडे पळालंच पाहिजे. माझा दोनदा कापलाय.

'नाव ठेवणे' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणे' म्हणजे निंदा. मध्ये फक्त एक अनुस्वार. तेवढंही अंतर न ठेवणारी पोरं निघाली ती अमेरिकेत, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये. तिथल्या रॉबर्ट ई. ली हायस्कूलमध्ये लिओनार्ड स्किनर नावाचे पी.टी.चे मास्तर होते. केस कॉलरला लागता कामा नयेत हा शाळेचा नियम, आणि मास्तर तो पाळून घ्यायचे. गॅरी रॉसिंग्टन नावाचा गिटारवेडा मुलगा त्यात सापडला. मग या पोरांनी आपल्या बँडला मास्तरांचंच नाव ठेवलं, स्पेलिंग हवं तसं वाकवून: लिनर्ड स्किनर्ड. ते इतकं वाकलं की १९७३ साली पहिला अल्बम निघाला तेव्हा नावाचा उच्चार कव्हरवर छापायची पाळी आली.

मला यातली खरी गंमत पुढे कळली. बँडचा गायक रॉनी व्हॅन झँट, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. डोक्याला हॅट, स्टेजवर मात्र अनवाणी. गाणी कागदावर लिहायचा नाही, डोक्यातच जुळवायचा. मोकळाढाकळा वाटतो ना माणूस? ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळ पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिथे यांची तालीम चाले. फ्लोरिडातला उकाडा आणि एसी नाही, म्हणून तिचं नाव 'हेल हाउस'. तिथे रॉनी एकेक गाणं घोटून घ्यायचा. गिटारचे सोलोसुद्धा आधी बसवलेले, स्टेजवर आयत्या वेळची कलाकुसर नाही. एका मास्तरावर चिडून बाहेर पडलेली पोरं दुसऱ्या मास्तराच्या हाताखाली आली होती, आणि या वेळी खुशीने. त्यांच्या 'फ्री बर्ड' गाण्याच्या शेवटी गिटारी उधळतात तेव्हा मला ती पत्र्याखालची कवायतच ऐकू येते. आजही अमेरिकेत कुठलाही बँड वाजवत असो, गर्दीतून कुणीतरी टारगट 'फ्री बर्ड!' म्हणून ओरडतोच.

नावं ठेवण्याचा आणखी एक किस्सा. गायक नील यंगने आपल्या गाण्यांतून अमेरिकेच्या दक्षिणेला, तिथल्या वर्णद्वेषाला चार शब्द सुनावले होते. त्याला यांनी १९७४ मध्ये 'स्वीट होम अलाबामा'ने उत्तर दिलं, तेही यंगचं नाव घेऊन. गाणं लिहिणाऱ्या तिघांपैकी एकही अलाबामाचा नव्हता. एड किंग तर थेट कॅलिफोर्नियाचा. पण भांडण घरातलं असावं तसं. 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' या अल्बमच्या कव्हरवर रॉनीने घातलाय तो नील यंगचाच टी-शर्ट. यंगनेही पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की आपल्या गाण्याला हा टोला हवाच होता. यांच्या स्टेजमागे फडकणारा गुलामगिरीवाल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा मात्र मला आजही खुपतो. गाणं डोळे मिटून ऐकायचं म्हणतात, ते इथे अक्षरशः करतो.

त्या कव्हरवर बँडच्या मागे ज्वाळा होत्या. अल्बम बाजारात आला आणि तिसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबर १९७७ ला, बँडचं विमान मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळलं. इंधन संपलं होतं. सहा जण गेले. त्यांत गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची गायिका बहीण कॅसी आणि रॉनी. रॉनी २९ वर्षांचा होता. ज्वाळांचं कव्हर बदललं.

दहा वर्षांनी उरलेले पुन्हा एकत्र आले, तेव्हा गायला रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी होता. बाकीची गाणी तो म्हणायचा, 'फ्री बर्ड' नाही. माइकवर एक हॅट अडकवलेली असायची, बँड वाजवायचा आणि शब्द समोरची माणसं म्हणायची. २०२३ मध्ये रॉसिंग्टनही गेला. पहिल्या संचातलं कुणी राहिलं नाही.

आणि मास्तर? त्यांनी पुढे घरं-जमिनी विकण्याचा धंदा काढला. पोरांनी परवानगी घेऊन त्यांच्या पाटीचा फोटो तिसऱ्या अल्बमच्या आत छापला, आणि जॅक्सनव्हिलच्या एका कार्यक्रमात बँडची ओळख करून द्यायला मास्तरांनाच बोलावलं. रॉनीच्या मागे तेहतीस वर्षं जगून ते २०१० साली वारले. शाळेला त्याच गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या ज्या जनरलचं, रॉबर्ट ई. लीचं, नाव होतं ते २०२१ मध्ये बदललं. आता ती रिव्हरसाइड हायस्कूल आहे. पी.टी.च्या मास्तरांचं नाव मात्र चुकीच्या स्पेलिंगसकट अजून तिकिटांवर छापलं जातं.

परवा भाजीबाजारात आमचे सर दिसले. काठी आली आहे, पण पाठ अजून सावधान. वाकून नमस्कार केला. त्यांनी नाव विचारलं नाही. फक्त माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली, मग वर टकलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता कशी बरोबर कटिंग केलीस!"