१८९ मैल आणि सोलकढी

गणपतीला पहिल्यांदाच मुंबईहून चिपीला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या विमानतळावर, विमानाने यायचं ठरवून दादाने आईला फोनवर सांगून टाकलं, "चिपीपर्यंत तासाभराचं काम. जेवायला घरीच." आईने लगेच आमसुलं भिजत घातली. अंतर किती म्हणून मी विचारलं, तर म्हणे पाचशे किलोमीटर. अरे, ते हायवेचं! विमान काय कशेडी घाट चढून येणार आहे?

बाबा ओटीवरून ऐकत होते. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. "ॲटलास हाड गो," म्हणाले, आणि नकाशावर अंतर मोजायचा पितळी डिव्हायडर स्वतःच काढला. त्याला हात लावायची घरात अजून कोणाची छाती नाही.

मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटं उत्तर, चिपी १६ अंशांच्या आसपास. फरक ३ अंश ५ मिनिटं, आणि एका अंशाची मिनिटं साठ. "अक्षांशाचो एक मिनिट म्हंजे एक सागरी मैल. झाले मगे १८५." रेखांशात फरक ४० मिनिटांचा, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे त्याचे ३८ मैलच भरतात. दोघांचा पायथागोरस लावला: १८९. एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर, म्हणजे झाले ३५० किलोमीटर. (लंडनबिंडन असेल तर हे चालत नाही. तिथे पृथ्वीचा गोलवा धरावा लागतो, सपाट नकाशावरची सरळ रेघ फसवते.)

विमान पंख्याचं, एटीआर-७२. ताशी साधारण ५०० धरले तर ४२ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास! मला वाटलं बाबा चुकले. पण तिकिटावरचा वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि पोचून जागेवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. मग रांग. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी, शिवाय वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं म्हणून कधी वळसा. हे सगळं कंपनी आधीच धरून ठेवते.

डोंबिवली मात्र कोणी धरली नव्हती. दादा साडेसातला घरातून निघाला, साडेअकराचं विमान. रांगेत अर्धा तास गेला. चिपीला उतरून, बॅग घेऊन, गाडी ठरवून कुडाळला घरी पोचायला सव्वादोन. सोलकढी तोवर दोनदा फ्रीजमध्ये जाऊन आली होती.

बाबांनी त्याला हातपाय धुवायलासुद्धा दिले नाहीत. पंचांगाच्या मागच्या पानावर ३५० भागिले पावणेसात मांडून ठेवलं होतं.

"ताशी ५२ किलोमीटर," म्हणाले. "ह्या खयचा विमान रे? एष्टीच ती."