विकलो हिवाळी नोंद ४ : टोनेलगी, ओढा आणि मागचे पाच दिवस

मागच्या महिन्यात आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या विकलो डोंगरांत, जाऊसवर आपटलो हे कळल्यावर पुण्याहून दोघांनी आणि कॉर्कहून एकाने एकच प्रश्न विचारला, "अरे, हवामान बघून गेला नव्हतास का?"

बघून गेलो होतो. तीन ठिकाणी बघितलं होतं आणि तिन्ही अंदाज बरोबर निघाले. आकाश निरभ्र, वारा नावालाही नाही, हवा इतकी स्वच्छ की समुद्रापलीकडे वेल्सचे डोंगर दिसत होते. तरी सकाळी साडेनऊला मी फळीवाटेवर सपशेल बसलो. ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाऊस हा ७२५ मीटरचा डोंगर. विकलो वे नावाची लांब पायवाट त्याच्या कुशीतून जाते आणि तिथली दलदल ओलांडायला रेल्वेचे जुने स्लीपर जोडून फळीवाट केलेली आहे. पाय सरकू नये म्हणून फळ्यांवर तारेची जाळी ठोकलेली. आदल्या दुपारचा पाऊस त्या जाळीच्या घराघरांत साचला आणि रात्री गोठला. म्हणजे जाळी होती, पण काचेखाली. वरून फळी नुसती ओली वाटत होती. पहिलं पाऊल टिकलं, दुसरं टिकलं, तिसऱ्याला मी आकाश बघत होतो.

अंदाजाने मला शनिवार सांगितला होता. मी पडलो तो शुक्रवारवर.

तेव्हापासून वहीत एक नवा रकाना सुरू केलाय: "मागचे पाच दिवस". ही नोंद त्या रकान्याच्या पहिल्या खऱ्या परीक्षेची.

सह्याद्रीत हे काम एका फोनवर होतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला जायचं तर खिरेश्वरात ज्यांच्याकडे जेवतो त्या मामांना आदल्या रात्री फोन लावायचा. "मामा, ओढ्याला पाणी किती?" मामा म्हणणार, "या की, काय नाय होत." त्या 'काय नाय होत'चा सूर ऐकून आपण ठरवायचं, टोलार खिंडीतून जायचं की घरी भजी तळायची. विकलोत पायथ्याला असं गाव नसतं. गाड्या लावायची जागा, एक माहितीफलक आणि तोंड फिरवून चरणाऱ्या चार मेंढ्या. फोन लावायचा कोणाला? म्हणून मामांचं काम आपणच वहीत करायचं.

या वेळचं लक्ष्य टोनेलगी, ८१७ मीटर. लग्नाकिल्ला (९२५) आणि मुल्लाक्लीवॉन (८४९) यांच्यानंतर विकलोतला तिसरा. कळसूबाईच्या जेमतेम अर्धा, असं म्हणून हसणाऱ्यांनी जानेवारीत एकदा यावं. आयरिश भाषेत त्याचं नाव आहे 'तोन ले गीह', म्हणजे वाऱ्याकडे ढुंगण. नाव ठेवणाऱ्याने हवामानाचा अहवालच लिहून ठेवलाय.

वर जायच्या दोन वाटा डोक्यात होत्या. एक ग्लेनमॅकनास या दरीकडून: धबधब्याच्या वरच्या बाजूला गाडी लावायची, नदी दगडांवरून ओलांडायची, मग लॉख ऊलर या बदामाच्या आकाराच्या तळ्याला वळसा घालून माथा. सुंदर वाट. दुसरी विकलो गॅप या खिंडीतून: तिथे चढाची सुरुवातच पावणेपाचशे मीटरवर होते, नदी नाही, रुंद सोंडेवरून सरळ वर. ही जरा रटाळ.

आता वही.

सोमवारी वायव्येचा वारा आणि हिमवर्षाव. डब्लिनमध्ये नुसत्या गारा पडल्या, पण माझ्या खिडकीतून दक्षिणेचे डोंगर मध्यापासून वर पांढरे दिसत होते. बर्फ साधारण कोणत्या उंचीपासून सुरू होतो हे मी नकाशावर पेन्सिलने मारून ठेवलं. मंगळवारी अटलांटिकवरून ऊबदार हवा आली आणि बुधवारी पहाटेपर्यंत पाऊस थांबला नाही. इथे अनुभवी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. पाऊस अधिक वितळलेला बर्फ म्हणजे ओढे फुगणार, आणि दलदल स्पंजासारखी गच्च होणार. गुरुवारी आकाश उघडलं, वारा उत्तरेला गेला, रात्री पारा शून्याखाली. शुक्रवारीही तेच, रात्र आणखी कडक, वारा अजिबात नाही. शनिवारचा अंदाज: सकाळ कोरडी, दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा वाढत जाणार, अंधार पडता पडता पाऊस.

हे सगळं बघायला काही गुप्त साधनं लागत नाहीत. मेट एअरन ही इथली हवामान संस्था आपल्या केंद्रांवरची तासातासाची मोजणी दाखवते. माझं ठरलेलं केंद्र केसमेंट, डब्लिनच्या नैर्ऋत्येचा लष्करी विमानतळ, डोंगरांना जवळ. अंदाज सगळे बघतात, पण प्रत्यक्ष किती पाऊस झाला आणि रात्री पारा कुठवर उतरला हा तक्ता कोणी उघडत नाही, आणि वाट काय झाली असेल ते कळतं त्या तक्त्यावरून. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात, पण ते जिल्हावार निघतात. इशारा नाही म्हणजे आठशे मीटरवर सगळं आलबेल असा अर्थ काढू नका.

उंचीचा हिशोब सोपा: दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश कमी. केसमेंटपेक्षा टोनेलगीचा माथा पाचएक अंशांनी थंड धरायचा. शून्य अंश आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा एकत्र आले की उघड्या कातडीला ते उणे सातच्या आसपास लागतं. पण हा हिशोब कधीकधी चक्क उलटा होतो, आणि शुक्रवारची रात्र नेमकी तशी होती. वारा नाही, आकाश मोकळं, अशा रात्री थंड जड हवा उतरून दरीत साचते. दरी गोठते, माथा त्या मानाने उबदार राहतो. म्हणजे मी वर काय असेल याची काळजी करत बसलो असतो, आणि धोका खाली गाडीच्या चाकांशी असता.

त्यामुळे शुक्रवारी रात्री दहाला प्रश्न असा उरला: ग्लेनमॅकनासचे दगड कसे असतील? बुधवारच्या पुराला तीन दिवस झाले, विकलोतल्या वरच्या नद्या चढतात तशा उतरतातही भराभर. पाणी उतरलं असणार. पण दगडांवर सतत तुषार उडतात, आणि दरीत दोन रात्री शून्याखाली. शिवाय तिथे जाणारा मिलिटरी रोड, १७९८च्या उठावानंतर इंग्रजांनी डोंगरात बंडखोरांचा माग काढायला बांधलेला, अरुंद आणि सावलीतला. वितळलेलं पाणी त्यावरून आडवं वाहतं आणि रात्री जिथल्या तिथे गोठतं.

बायको म्हणाली, "इतका विचार करायचा तर घरीच बसा ना." मुद्दा होता. पण आम्ही विकलो गॅप ठरवलं. सोबतीला आमचा नाशिककर, जो अजून दोन पायमोज्यांवर थंडी भागवतो.

जानेवारीच्या मध्यावर इथे उजाडतं साडेआठला आणि साडेचारच्या सुमारास सूर्य जातो. दिवस आठ तासांचा. सव्वानऊला खिंडीत पोचलो. परतायची वेळ आधीच ठरवली: कुठेही असलो तरी साडेबाराला मागे फिरायचं. सॅकमध्ये मायक्रोस्पाइक्स (बुटांवर ताणून चढवायचे रबरी पट्ट्यांचे छोटे काटे), दोन हेडटॉर्च, जादा हातमोजे, डिस्कव्हरी मालिकेतला ५६ क्रमांकाचा नकाशा, होकायंत्र. मोबाइल छातीच्या खिशात, अंगाच्या ऊबेला. मागे एकदा बाहेरच्या खिशात ठेवला होता, तर चाळीस टक्के बॅटरी असताना थंडीने मान टाकली. तो चालू राहायलाच हवा, कारण डोंगरात काही झालं तर ११२ किंवा ९९९ लावून माउंटन रेस्क्यू मागायचं असतं, आणि येणारे सगळे स्वयंसेवक असतात.

आणि मग मामा भेटलेच. सत्तरीतले एक गृहस्थ, कुत्र्याला दोरीने बांधून खाली उतरत होते. मी विचारलं, वर कसं काय? म्हणाले, "ग्रँड." इथे 'ग्रँड'चा अर्थ भव्य वगैरे नाही, आपल्या 'चाललंय की' इतकाच. मी थांबून राहिलो, कारण खिरेश्वरच्या अनुभवाने एवढं शिकवलंय की खरी माहिती दुसऱ्या वाक्यात येते. आली. "पहिल्या सपाटीपर्यंत ठीक. पुढे वाटेवर पाणी गोठलंय. वाटेवर चालू नका, बाजूच्या गवतावर चाला."

गेल्या दोन वर्षांत हिवाळ्याबद्दल मला कोणी दिलेला हा सर्वांत उपयोगी सल्ला. आपला स्वभाव असा की वाट दिसली की वाट सोडायची नाही. इथे मळलेली वाट म्हणजे पीटमध्ये, दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीत, खोल गेलेला नाला. बुधवारचं सगळं पाणी त्यातूनच निथळत होतं, आणि गुरुवार-शुक्रवारने त्याचं पायऱ्यापायऱ्यांचं बर्फ केलं होतं. करडं, फुगीर, कुठे खाली अजून पाणी सरकताना दिसत होतं, काळ्या बुडबुड्यांसारखं. शेजारचं पिवळं गवत मात्र दवाने कडक होऊन बुटाखाली कुरकुरत होतं, पकड पक्की. पीटच्या उघड्या पट्ट्यांवर आणखी एक गंमत. वरचा इंचभर थर गोठून कडक, खाली तोच बुधवारचा स्पंज. नाशिककर मोठ्या विश्वासाने त्यावर उभा राहिला आणि पोटरीपर्यंत आत गेला. बाहेर येताना पायमोजे आले, बूटही आला, अब्रू तिथेच राहिली.

साडेसहाशेच्या पुढे सोमवारचा बर्फ सुरू झाला. वितळून पुन्हा गोठलेला, वरून साखरेच्या पाकासारखा. मायक्रोस्पाइक्स चढवले. इथे स्पष्ट सांगतो, ही क्रॅम्पॉनची, म्हणजे गिर्यारोहकांच्या बुटांखालच्या लांब पोलादी दातांची, जागा घेणारी वस्तू नाही. सौम्य उतारावर आणि सपाट बर्फावर उत्तम, तीव्र उतारावर त्यांच्या भरवशावर राहू नका. माझ्या जोडीचं रबर एका बाजूला चिरलंय, तेही दुसऱ्याच हिवाळ्यात. कंपनीचं नाव घेत नाही, पण घेताना टाचेकडचं रबर ताणून बघा.

माथ्यावर पावणेअकराला. दगडी खांबाच्या नैर्ऋत्येच्या बाजूला बर्फ जवळजवळ नव्हताच, ऊन आणि पाऊस दोघांनी मिळून नेला होता. पूर्वेच्या कडेला मात्र, वायव्येच्या वाऱ्याने सोमवारी माथ्यावरून उडवून नेलेला, पांढरा दाट पट्टा. आणि खाली लॉख ऊलर, काठाकाठाने गोठलेलं, मध्ये काळं. फोटोसाठी दोन पावलं पुढे जायचा मोह झाला. त्या पट्ट्याखाली जमीन कुठे संपते ते कळत नव्हतं, म्हणून फोटोत तळ्याचा अर्धाच बदाम आलाय. दक्षिणेला टरलॉक हिलच्या डोक्यावरचा तो कापल्यासारखा सपाट जलाशय चमकत होता. रात्री पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची, असा १९७४पासूनचा प्रकल्प आहे. आमच्यातल्या कोयनाप्रेमी माणसाला त्याचं भारी कौतुक.

साडेअकराला वारा फिरला. डावा गाल अचानक गार पडला, एवढंच. खिंडीत उतरेपर्यंत पश्चिमेकडे ढग उतरले होते. डोंगराने नाव सार्थ केलं.

हातात वेळ होता म्हणून परतताना लारा गावामार्गे मुद्दाम ग्लेनमॅकनासला गेलो, वहीतला अंदाज ताडून बघायला. दुपारी एकलाही रस्त्यावर सावलीत तीन ठिकाणी बर्फाचे आडवे पट्टे होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. नदीचं पाणी, म्हटल्याप्रमाणे, उतरलेलं. दगड वर आलेले, ओळीने, बोलावणारे. मी काठावर उकिडवा बसून पहिल्या दगडावर हात ठेवला. पाण्यालगत बर्फाची झालर आणि वर पारदर्शक, नखाएवढा जाड थर. डोळ्याला फक्त ओला दगड दिसत होता. नाशिककराने शेजारी बसून नखाने तो खरवडला आणि म्हणाला, "तू यावरून नेणार होतास मला?"

वहीचा निकाल: दगड बरोबर, रस्ता बरोबर, पूर्वेचा बर्फ बरोबर. चुकलं ते दलदलीचं. दोन रात्री गोठली म्हणजे पीट चालण्याजोगं घट्ट झालं असेल, असं मी शुक्रवारी लिहिलं होतं. दोन रात्री पुरत नाहीत. किती रात्री पुरतात हे शोधायचंय, आणि त्यासाठी नाशिककर पुन्हा यायला तयार नाही.

पुढची नोंद फेब्रुवारीत, लग्नाकिल्ला. (इथले लोक 'लग' म्हणतात. आपल्याला मात्र नावातच लग्न आणि किल्ला दोन्ही मिळतात.) तिथे वहीला आणखी एक रकाना लागेल, कारण ग्लेन ऑफ इमालकडच्या वाटेला लष्कराचं तोफांच्या सरावाचं क्षेत्र आहे. गोळीबाराच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या बघूनच दिवस ठरवायचा आणि लाल बावटा दिसला तर मागे फिरायचं. मी सध्या ग्लेनमलूरच्या बाजूकडे झुकलोय, बारावोरहून फ्रॉहन रॉक ग्लेन या दरीमार्गे. त्या वाटेने कोणी हिवाळ्यात गेलं असेल तर एवढंच सांगा: दरीच्या वरच्या तोंडाशी बर्फ किती दिवस टिकतो, आणि तिथे गवत आहे की उघडं पीट?