कार्ड बसलं, ड्रायव्हरही होता, पण लॅपटॉपच चालू होईना

जुन्या लॅपटॉपला वायफाय बसवून द्या म्हणून कोणी आलं की बहुतेक वेळा काम सोपं असतं, यूएसबीत लावायचा छोटा वायफाय डोंगल लावायचा, ड्रायव्हर टाकायचा, झालं. पण एका लॅबमधल्या मॅडम जो लॅपटॉप घेऊन आल्या त्याने माझा अख्खा दिवस घेतला, आणि त्या दिवसापासून अशी मशीन आली की मी आधी वेगळ्याच बाजूने विचार करतो.

लॅपटॉप पेंटियम एम या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळातला, त्यावर विंडोज एक्सपी. मी नेहमीसारखं म्हटलं, मॅडम बदलूनच टाका ना. त्या म्हणाल्या, "अहो, याला आमचं मोजमापाचं यंत्र सिरियल पोर्टवर, म्हणजे मागच्या त्या जुन्या पद्धतीच्या पोर्टवर, जोडलेलं आहे, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालतच नाही. रोज रीडिंग पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या खोलीत पळावं लागतं, आणि भिंत फोडून वायर टाकायला परवानगी मिळत नाहीये." हे ऐकल्यावर बदला म्हणण्यात अर्थच नव्हता. चालू असलेलं यंत्र केवळ कॉम्प्युटर जुना झाला म्हणून भंगारात जाणं मला बिलकुल पटत नाही.

सगळ्यात आधी हार्ड डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, काढून ठेवली. असल्या मशीनला इमेज काढल्याशिवाय हातच लावायचा नाही, ते सॉफ्टवेअर गेलं तर परत मिळत नाही. मग बघितलं काय काय मोकळं आहे. बाजूने कार्ड सरकवायचा पीसी कार्डचा स्लॉट यंत्राच्याच एका कार्डाने अडवलेला, एका यूएसबीत सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल (तो काढला की सॉफ्टवेअर चालत नाही), दुसऱ्यात प्रिंटर, आणि हल्लीच्या बऱ्याच वायफाय डोंगलना एक्सपीचे ड्रायव्हर येतही नाहीत. राहिला आतला मिनी पीसीआय स्लॉट, जुन्या लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड बसायची जागा.

खालचं झाकण काढलं तर स्लॉट रिकामा आणि शेजारी टेपखाली दोन बारीक वायर, एक काळी एक पांढरी, टोकाला ते इवलंसं गोल सोनेरी कनेक्टर. म्हणजे स्क्रीनच्या कडेने अँटेना फॅक्टरीतूनच फिरवून ठेवलेल्या, फक्त कार्ड दिलेलं नाही! मला खूप आनंद झाला, कारण अँटेना नसत्या तर स्क्रीन खोलावा लागला असता. सुट्या पार्टमध्ये ८०२.११जी या वायफायच्या पिढीचं, एक्सपीचा ड्रायव्हर असलेलं कार्ड होतं. त्याआधीच्या ८०२.११बी पिढीची कार्डं मी मुद्दाम घेतली नाहीत, त्यातल्या बऱ्याच कार्डांना डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या, कच्च्या कुलपाच्या पुढे काही समजत नाही आणि लॅबचा राउटर डब्ल्यूपीए२ या नंतरच्या पक्क्या कुलपावर. कार्ड तिरकं घालून दाबलं, क्लिप बसल्या, वायर सरळ वरून अंगठ्याने दाबल्या की टक् आवाज येतो तो आला. त्या वायर तिरक्या ओढल्या तर टोक तुटतं, तिथे घाई करायची नाही.

पॉवर दिली आणि काळ्या स्क्रीनवर एकच मेसेज, नेटवर्क कार्ड अनधिकृत आहे, काढा. पुढे काहीच नाही. विंडोजपर्यंत गाडी जातच नव्हती. काही कंपन्यांनी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, यादी घालून ठेवली होती, ठरावीक आयडीचं कार्ड असेल तरच मशीन पुढे जाणार. कारण द्यायचे की रेडिओचं सर्टिफिकेशन कार्ड आणि अँटेना दोन्ही मिळून घेतलेलं असतं. असेल, पण तीच चिप असलेलं दुसऱ्या मेकचं कार्डही चालू द्यायचं नाही हा ग्राहकावर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बायोस बदलून यादी उडवतात लोक, पण तिथे काही बिघडलं तर मदरबोर्डच जातो, आणि हा लॅपटॉप गेला तर यंत्र गेलं. ती रिस्क मी घेतली नाही.

कार्ड काढलं, वायरना परत टेप लावली आणि बाजूच्या लॅन पोर्टकडे लक्ष गेलं. तो मोकळाच होता ना! एक छोटा राउटर घेऊन तो क्लायंट म्हणून, म्हणजे एखादा मोबाइल जोडावा तसा, लॅबच्या वायफायला जोडला आणि त्यातून एक वीतभर लॅन केबल लॅपटॉपला. लॅपटॉपला वाटतं वायरच आली, नवा ड्रायव्हर नको, विंडोजच्या अपडेटचा सर्व्हिस पॅक नको, डब्ल्यूपीए२ चं सगळं तो राउटर बघतो. स्पीडचं पण नुकसान नाही, ते ५४ एमबीपीएसचं जी कार्ड प्रत्यक्षात साधारण वीस-पंचवीसच देतं, लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे.

एक गोष्ट मात्र मी मॅडमना अडून सांगितली, यावर इंटरनेट मोकळं सोडायचं नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, आता त्यात भोक सापडलं तर बुजवायला कोणी नाही. त्यांना ब्राउझर नकोच होता, रीडिंगची फाइल फक्त लॅबच्या सर्व्हरवर जायला हवी होती. म्हणून राउटरमध्ये तेवढा एकच पत्ता उघडा ठेवला, बाकी बंद. सर्व्हरचं शेअर फोल्डर एक्सपीत उघडत नव्हतं कारण एक्सपीची फाइल शेअर करायची जुनी पद्धत नव्या सर्व्हरवर बंद असते, मग सर्व्हरवर एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी साधी सोय, चालू करून घेतलं आणि एक्सपीत एफटीपी आधीपासून आहेच, त्याच्या कमांडची छोटी बॅच फाइल लिहून ती आपोआप चालावी म्हणून शेड्यूलला लावली.

असं कोणी करणार असेल तर राउटरला वेगळा अडॅप्टर द्या. जुन्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपच्या वर द्यायला बांधील नाही, त्यावर राउटर चालवला तर तो मध्येच रीस्टार्ट होऊ शकतो आणि मग फाइल अर्धवट जाते.