भिंतीवर नाचतंय कोण?

सरकारी भिंत रंगवण्याआधी खरवडावी लागते, ही गोष्ट ठेकेदाराच्या एस्टिमेटमध्ये मी आजवर पाहिलेली नाही. त्यात 'रंगकाम, दोन हात, चित्रांसह' एवढंच असतं. भिंतीला खार फुटलाय, प्लास्टर हाताला लागून वाळूसारखं झडतंय, जुना डिस्टेंपर पापुद्रे धरून सुटलाय, हे सगळं पेंटरने आपल्या मजुरीत भागवायचं. तारेचा ब्रश घेऊन अर्धा दिवस भिंत घासा, तोंडावर रुमाल बांधा, वर साहेब येऊन विचारणार, ''अजून सुरुवात नाही केली?''

मी शहाद्याचा पेंटर. मूळचा अक्षरांचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती. शिरोरेषा एका दमात ओढायची नि मग अक्षरं तिला खाली टांगायची, हे हातात बसायला वर्षं गेली. मग फ्लेक्स आला. वाढदिवसाच्या बोर्डावर पन्नास डोकी चिकटवून पोरगा तासाभरात मशीनमधून काढून देतो, त्याच्याशी भांडून काय करणार? तेव्हापासून शाळा, अंगणवाड्या, दवाखाने, शौचालयं. 'पाणी अडवा', 'हात धुवा' आणि वारली.

वारलीबद्दलच सांगायचंय.

काम धडगावच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेचं होतं. होळीच्या आधी कोणी मोठे साहेब भेटीला येणार, म्हणून कंपाउंडची दर्शनी भिंत सजवायची. एकशे दहा फूट लांब, पाच फूट उंच. शहादा-म्हसावद करून घाट चढलात की पलीकडे सगळा सातपुडा उघडा पडतो. त्या दिवसांत जंगल वाळलेलं असतं, मोहाला फुलं लागायच्या बेतात असतात आणि गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीसाठी गावाकडे परतू लागलेली असतात. पिकअपच्या टपावर संसार बांधलेला, वर बायकापोरं. घाटात एका वळणावर दोन पिकअप आमनेसामने आले की आमची रंगाची बादली मागेच राहणार, हे मी गृहीत धरून चालतो.

ठेकेदाराने दहा लिटर रंग पाठवला होता. साडेपाचशे चौरस फूट खडबडीत प्लास्टर आणि दोन हात. पेंटर असाल तर हसाल. गुळगुळीत भिंतीलाच तेवढा जेमतेम पुरतो. इथे तर माझा भाचा पहिला पट्टा मारूनच म्हणाला, ''मामा, हाई भित पानी पी राहिनी.'' शेवटी गेरूचा बेस मी घरच्या स्टेनरवर, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद रंगांवर, जमवला. लाल ऑक्साइड जास्त, पिवळा थोडा, काळ्याचे चार थेंब. काळा नाही टाकला तर उन्हात तो रंग विटेचा दिसतो, मातीचा दिसत नाही. दक्षिणेकडची भिंत होती. अकरा वाजता ब्रश टेकवला की रंग ब्रशावरच वाळतो. म्हणून पहाटे उजाडल्यापासून अकरापर्यंत आणि परत चारनंतर, असं काम चाललं.

सोबत डिझाइनचा प्रिंट होता. ठेकेदाराच्या मोबाइलमधून आलेला, कुठून तरी उतरवलेला. मधोमध तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा, भोवती वेटोळं घालून नाचणारी माणसं, ताडाची झाडं, ताडावर चढलेला माणूस, बैलगाडी, सूर्य. हाच प्रिंट मी नवापूरकडे मारलाय, साक्रीकडे मारलाय, शिरपूरच्या एका रोपवाटिकेवर मारलाय. डोळे मिटून मारू शकतो.

ते वेटोळं मी कसं काढतो ते सांगतो, कारण अजून कोणी विचारलेलं नाही. बहुतेक पेंटर अंदाजाने काढतात आणि तिसऱ्या फेऱ्याला माणसं एकमेकांच्या डोक्यावर चढतात. मी अडीच इंची पाइपचा तुकडा भिंतीला लावून भाच्याला घट्ट धरायला लावतो. त्याला सुतळी गुंडाळलेली, टोकाला खडू. सुतळी ताणून उलगडत फिरलं की खडू आपोआप बाहेर बाहेर सरकतो आणि प्रत्येक फेऱ्यात अंतर तेवढंच राहतं, पाइपच्या घेराएवढं, म्हणजे साधारण आठ इंच. आठ इंचांत सहा इंचांचा माणूस मोकळा नाचतो. ठिपके ब्रशने द्यायचे नाहीत, ब्रशच्या दांड्याने द्यायचे. गोलांना बांगडी. घरातल्या बांगड्या संपल्या तेव्हापासून बायको माझी पिशवी तपासते.

तर ते वेटोळं झालं, माणसं भरली, आणि शाळेचे चौकीदार बाबा मागे येऊन उभे राहिले. पंचा खांद्यावर, हातात काठी. बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ''पेंटरभाऊ, हे कोण लोक आहेत?''

''तुम्हीच बाबा. आदिवासी नाच.''

''आम्ही?'' ते जवळ गेले. तारप्यावर बोट ठेवलं. ''हे काय फुंकतोय?''

मी नाव सांगितलं. त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ''आमच्याकडे ढोल,'' ते म्हणाले. ''मी स्वतः वाजवतो. बायका अशा सुट्या नाही नाचत, कमरेला हात घालून रांग करतात.'' मग ताडावर चढलेल्या माणसाकडे पाहून ते हसले. रागावले वगैरे अजिबात नाहीत. पाहुण्याच्या घरी भलत्याच कोणाचा फोटो टांगलेला पाहून माणूस हसेल, तसं.

तोवर जेवणाची सुट्टी झाली आणि पोरं आली. वसावे, पाडवी, वळवी, पावरा, सगळी. होळी तोंडावर, भोंगऱ्या या होळीआधीच्या बाजाराचे बेत चाललेले, डोक्यात दुसरं काही नाही. नववीतली एक मुलगी, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. म्हणाली, ''सर, बुध्या कुठंय?''

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातपुड्याच्या होळीत नवस केलेले पुरुष बुध्या होतात, बावा होतात. अंगभर राखेची, तांदळाच्या पिठाची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे नि घुंगरं. ते दिवस कडक पाळायचे, खाटेवर बसायचंही नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर हे नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. मी एकदा गेलोय. हजार घुंगरं एकदम पाय आपटतात तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटते. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, शेकोट्यांचा उजेड. पेंटरला याहून काय पाहिजे? आणि तिथून तीस-चाळीस किलोमीटरवर मी वारल्यांच्या डहाणूचा ताड काढत होतो.

माझ्याकडे उजवीकडचे तीस फूट कोरे होते. मी त्या मुलीला खडू दिला.

तिने सरळ भिंतीवर काढलं. आधी टोप, मग खाली माणूस. आपण डोकं काढून टोपी घालतो, तिने टोपीखाली माणूस उभा केला. कमरेला भोपळ्यांची ओळ, पायाला घुंगरांची गुंडाळी. रेघ थरथरली नाही. मी चाळीस पोरांना ब्रश धरायला शिकवलं असेल, अशी रेघ दोघातिघांची.

आणि मग भांडण लागलं.

एक पावरा मुलगा म्हणाला, टोप असा नसतोच, आमच्या गावी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा असतो, इतका उंच. दुसरा म्हणाला, भोपळे एवढे नसतात. तिसऱ्याचं म्हणणं, मोरखीचं सोंग राहिलं, आणि बाईचा वेश घेतलेला गडी राहिला. एकाने तर आमच्या पाड्यावर वेगळं नि पलीकडच्या नाल्याच्या पाड्यावर वेगळं असं सांगून ठिपक्यांची जागा बदलायला लावली. मुलगी ऐकेना. ''माझे बाबा झालेत बुध्या, तुझे झालेत का?'' त्यावर उत्तर नव्हतं, तरी आवाज वाढतच होता. अधीक्षक बाहेर आले. घंटा झाली. कोणी हललं नाही.

एक तरुण शिक्षक मदतीला आले. चांगला माणूस, वाचणारा. म्हणाले, ''वारली नको तर पिठोरा काढा ना, तो तरी भिल्लांच्या जवळचा.'' मोबाइलवर दाखवलाही. पिठोरा छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींचा, अलीराजपूरच्या बाजूलाही आहे. तिथे घरातल्या भिंतीवर, नवस फेडायला, लखारा तो लिहितो आणि बडवा पूजा करतो. तो मी शाळेच्या मुतारीला लागून असलेल्या कंपाउंडवर काढू? मग झाबुआच्या भुरीबाईंची चित्रं निघाली, ज्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. ठिपक्यांनी भरलेले मोर आणि झाडं. सुंदर. पण ती त्यांची. मी त्यांची नक्कल केली असती तर एका प्रिंटच्या जागी दुसरा प्रिंट आला असता, इतकंच.

आणि वारली तरी असं बेवारस कुठंय? पालघर, डहाणू, तलासरी, जव्हारची ती माणसं. लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे कागदोपत्री तिचा पत्ता ठरलेला आहे. तरी राज्यात कुठेही 'आदिवासी' लिहायचं असलं की तेच त्रिकोण. तलाठी कार्यालयावर वारली, पेट्रोलपंपावर वारली, लॉजच्या रिसेप्शनला वारली.

त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की हे इतकं चालतं का. इथे ती कोणाचीच नाही, म्हणून चालते. तारप्याच्या वेटोळ्यावरून या शाळेत कोणाचं भांडण होणार नाही. बुध्या काढला की लगेच कोणाचा, कोणत्या पाड्याचा, भिलांचा की पावरांचा, किती भोपळे. साहेबांना भांडण नको असतं, ठेकेदाराला वेळ नको असतो. त्रिकोणी माणसाला ना गाव ना आडनाव, त्याच्या मापाबद्दल तक्रार घेऊन कोणी येत नाही.

मी तीस फुटांना चार उभ्या पट्ट्या मारल्या. निळीची दोरी ताणून टिचकी मारली, रेघ तयार. प्रत्येक गटाला एक चौकट. तुमच्या गावचा तुम्ही काढा, मी फक्त रंग भरणार. भाचा कुरकुरला, कारण याचे पैसे कोण देणार. पण पोरांनी ज्या निष्ठेने काढलं! भोपळे मोजून काढले. पावरा पोरांनी टोप इतका उंच नेला की भिंतीच्या वर जायला लागला, तेव्हा माणूस बसका केला, टोप नाही कापला. चौकीदार बाबांनी चौथ्या चौकटीत ढोल काढायला लावला आणि दोऱ्या कशा आवळतात ते हाताने दाखवलं. नाचणाऱ्यांत एकीच्या कमरेला मागून हात नाही, हे त्यांनीच पकडलं.

साहेब आले त्या दिवशी टचअपसाठी मला थांबवून घेतलं होतं. गाड्या, हार, लेझीम. साहेब भिंतीपाशी थांबले, अगदी त्या चौकटींसमोर. ''हे कोणतं पेंटिंग?''

अधीक्षक म्हणाले, ''सर, वारली.''

''वा. छान.''

ती मुलगी स्वागताच्या रांगेत, चार हात अंतरावर, फुलं घेऊन उभी होती. फोटो झाला, साहेबांच्या डोक्यामागे तिचा बुध्या. अधीक्षकांना मी दोष देत नाही. वरच्याला माहीत असलेला शब्द खालच्याने बोलायचा, ही नोकरीची रीत आहे, आणि तो माणूस पोरांच्या जेवणात खोट काढू देत नाही हेही मी तिथे राहून पाहिलंय. पण त्या तरुण शिक्षकाने तरी तोंड उघडायला हरकत नव्हती. तो बुटांकडे बघत होता.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, भिंत कशी वाटते. ते म्हणाले, ''चांगली आहे. पण भिंतीवरचा वाजत नाही ना. होळीला ये.'' मला त्यात कौतुक किती आणि नापसंती किती, ते अजून वेगळं करता आलेलं नाही. बुध्या नवसाचा असतो, कडक पाळून व्हायचा असतो. तो बारा महिने उन्हात उभा करावा का, हे मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही. पोरांनी काढला म्हणून चालतं असं म्हणावं, तर भुरीबाईंच्या आणि मशे यांच्या लोकांनीही कधीतरी हेच ठरवलं असणार, आतल्या भिंतीवरून बाहेर यायचं म्हणून. पण त्यांचं त्यांनी ठरवलं. इथे खडू मी दिला होता.

बिलात ठेकेदाराने तीस फूट कापले. 'डिझाइनप्रमाणे नाही.' भांडलो, अर्धे मिळाले.

आता गंमत ऐका. होळी झाल्यावर त्याचाच फोन. साहेबांचा फोटो वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर आला होता, वरून कौतुक झालं होतं. ''भाऊ, ते घुंगरूवालं डिझाइन एकदम हिट आहे. त्याचा स्टेन्सिल कापून घे. मोलगी, तोरणमाळ, अक्कलकुवा, आणखी दहा भिंती आहेत. सगळीकडे तेच मारू.''

मी म्हटलं, ते सगळीकडचं नाही. एका शाळेतल्या चार गावांचं आहे. मोलगीला गेलो तर तिथली पोरं पहिल्या दिवशीच भोपळे मोजतील. प्रत्येक शाळेत दोन दिवस पोरांना काढू दे, मग मी भरतो. खडूचा खर्च माझा.

तो बराच वेळ गप्प होता. माणूस वाईट नाही, हिशेबी आहे. मग खरंच अडचणीत पडल्यासारखा म्हणाला, ''ते ठीक आहे रे भो, पण पोरांना विचारायचे दोन दिवस मी बिलात कोणत्या हेडखाली टाकू?''